बाळाचे पहिले वस्त्र

गेल्या वैशाखातील एका रविवारची गोष्ट. दुसऱ्या मिस्सेनंतर बाप्तिस्म्यासाठी तीन बालके देवळात आणली होती. उन्हाचा ताप एवढा की, बाप्तिस्माकुंडातील पाणीसुद्धा हाताला कोमट लागत होते. दोन बालके आपापल्या धर्ममातेच्या मांडीवर निवांत पहुडली होती. तिसरी, तीन महिन्यांची एक कन्या, मात्र देवळाच्या दारातून आत आल्यापासून एकसारखी टाहो फोडीत होती. बाप्तिस्म्याच्या वेळी मुले रडावयाचीच, आम्ही त्यास सरावलो आहोत. परंतु छातीवर पवित्र तेल लावण्यासाठी आईने तिच्या झग्याचा गळा सैल केला, तेव्हा त्या रडण्याचे कारण आम्हांस दिसले. झगा पांढराशुभ्र, चकचकीत, जाळीच्या झालरींचा; अस्तरही तसल्याच कृत्रिम धाग्याचे. मानेच्या घडीत आणि काखेत घामोळ्यांचे लालभडक चट्टे उठलेले होते.

विधी आटोपताच मुलीच्या आजीने कोणाला न विचारता तिला बाजूच्या ओसरीवर नेले, झगा उतरविला, ओल्या फडक्याने अंग टिपले आणि आपल्या पिशवीतून जुन्या सुती लुगड्याचे दुपटे काढून त्यात तिला सैलसर गुंडाळले. घटकाभरात पोर झोपी गेली. आई बिचारी खजील झाली. ती म्हणाली, “काय वो फादर, दुकानातला सगळ्यात महागाचा झगा घेतला होता आम्ही!”

मग तिने दुसरीही हकीकत सांगितली. तिच्या भावाने शहरातून बाळासाठी कपड्यांचा एक खोका पाठविला होता. त्यात झबली, टोपडी, एक दुलई, शिवाय घरासाठी दोन पंचे आणि उश्यांचे अभ्रे होते. प्रत्येकावर ‘सेंद्रिय कापूस’ अशी चिठ्ठी. ते सारे तिने नाताळासाठी ट्रंकेत जपून ठेवले होते. “सेंद्रिय म्हणजे नेमकं काय वो? त्याने बाळाला खरंच काही फायदा होतो, की नुसती शहरातली हौस?” असे तिने विचारले. आम्हांस त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. “ते असू दे, पण आधी ते ट्रंकेतून बाहेर काढ,” एवढेच आम्ही म्हणालो.

धर्मगुरूने झबल्याटोपड्यांविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, कापड कोणत्या धाग्याचे हे विचारण्याची सवय आमच्या पूर्वसूरींना फार जुनी आहे. वेदीवर पवित्र भाकरीखाली पसरावयाचे वस्त्र अळशीच्या किंवा अंबाडीसारख्या वनस्पतीच्या धाग्याचेच असले पाहिजे, सुती चालणार नाही, असा एके काळी कडक नियम होता. जे वस्त्र पवित्र वस्तूस लागते त्याची एवढी चौकशी होत असेल, तर जे वस्त्र नवजात बालकाच्या अंगास लागते त्याचीही थोडी व्हावयास हरकत नाही.

तेव्हा आम्ही ती चौकशी केली. सिस्टरांच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंस विचारले, कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या एका तरुण धर्मग्रामस्थास विचारले, आणि काही वाचले. त्यातून जे हाती लागले ते सरळ सांगावयाचे तर कित्येकांची निराशा होईल, आणि कित्येकांचा जीव भांड्यात पडेल.

प्रथम सुताविषयी. तान्ह्या मुलाची कातडी मोठ्यांच्या कातडीपेक्षा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचा पसारा अधिक असतो. म्हणून बाहेरचे पदार्थ तिच्यातून लवकर आत शिरतात, आणि उष्णता व घाम यांचा त्रासही तिला लवकर होतो. आता १०० ग्रॅम कोरडा कापूस घेतला, तर तो साध्या हवेतूनच ७ ते ८ ग्रॅम ओलावा आपल्यात सामावून घेतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा ग्रॅमही घेत नाही. या एका गोष्टीत आजीच्या लुगड्याचे सारे रहस्य आहे. सुती कापड घाम टिपते व हवेला देऊन टाकते; कृत्रिम धाग्याचे घट्ट विणलेले कापड तो अंगाशीच कोंडून ठेवते, आणि मग घामोळी उठतात. जुने धुतलेले लुगडे तर नव्या कापडाहूनही चांगले, कारण त्यातील खळ, जादा रंग आणि गिरणीतील इतर द्रव्ये शेकडो धुण्यांत केव्हाच वाहून गेलेली असतात. आमच्या आज्यापणज्यांस हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्याचा व्यवहार पक्का ठाऊक होता.

येथवर जे सांगितले ते साध्या कापसासही लागू आहे आणि सेंद्रियासही. मग सेंद्रिय म्हणजे अधिक काय?

सेंद्रिय हा शब्द मुळात कापडाचा नव्हेच. तो शेताचा आहे. ज्या रानात रासायनिक खत आणि रासायनिक कीटकनाशक घातलेले नाही, जेथे जनुक बदललेले बी पेरलेले नाही, आणि जेथे ही रीत निदान दोन-तीन वर्षे अखंड पाळल्याची बाहेरच्या तपासनीसाने नोंद केली आहे, त्या रानातील कापूस तो सेंद्रिय. आपल्या देशात यासाठी २००१ सालापासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे. अशा रानात शेणखत व गांडूळखत घालतात, कापसाच्या ओळींत तूर किंवा मूग घेतात, कडेला झेंडू लावतात, निंबोळीचा अर्क फवारतात, नर पतंगांस भुलविणारे कामगंध सापळे टांगतात. बोंडअळीच्या अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा नावाची चिमुकली गांधीलमाशीही सोडतात. ही माशी टाचणीच्या डोक्याएवढीदेखील नसते.

हे सारे बोलावयास सोपे आहे. करणारा मेटाकुटीस येतो. भारतात २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत देशातील बहुतेक सारे कापसाचे क्षेत्र त्याच बियाण्याखाली गेले. त्यामुळे बीटी नसलेले चांगले बी मिळविणे हीच सेंद्रिय शेतकऱ्याची पहिली अडचण होऊन बसली. शेजाऱ्याच्या शेतातून पराग उडून येतो, जिनिंगमध्ये सरकी काढताना दोन ठिकाणचा कापूस मिसळतो, आणि वर्षाचे कष्ट चिठ्ठीवाचून जातात. पहिली दोन वर्षे तर दुहेरी मार असतो, कारण उत्पन्न घटलेले असते आणि भाव मात्र साध्या कापसाचाच मिळतो.

इंदूरकडील आमच्या वाचकांस निमाडातील कसरावद दूर नाही. तेथे खरगोन जिल्ह्याच्या काळ्या मातीत सेंद्रिय कापसाचे काम १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांतच सुरू झाले, आणि २००७ पासून एका स्विस संशोधन संस्थेच्या साहाय्याने तेथे सेंद्रिय व रासायनिक पद्धतींची शेजारीशेजारी तुलना चालू झाली. तिचा निष्कर्ष आम्हांस फार प्रामाणिक वाटला. पहिल्या दोन वर्षांत रासायनिक व बीटी कापसाने उत्पन्नात आणि नफ्यात आघाडी घेतली. पुढील दोन वर्षांत सेंद्रिय रानाचा नफा त्यांच्या बरोबरीस आला, कारण त्याचा खर्च बराच कमी होता. म्हणजे सेंद्रिय शेती ही जादूची कांडी नव्हे आणि बुडीत धंदाही नव्हे. ज्याच्या अंगी पहिली दोन वर्षे तग धरण्याची ताकद आहे, त्यास ती जमते. ज्याच्या डोक्यावर सावकार बसला आहे, त्याने काय करावे, हा प्रश्न त्या प्रयोगशेतास पडत नसतो.

आता निराशेची गोष्ट. सेंद्रिय रानातील कापसाचा तंतू आणि शेजारच्या रानातील कापसाचा तंतू हे दोन्ही एकाच द्रव्याचे बनलेले असतात. बोंडावर जे काही विष पडले असेल, ते सूत काढताना, कॉस्टिक सोड्यात उकळताना आणि विरंजन करताना बहुतांशी निघून जाते. म्हणून “साध्या सुती झबल्यातून बाळाच्या अंगात कीटकनाशक जाते” अशी जी भीती जाहिराती घालतात, तिला विशेष आधार नाही. तसेच सेंद्रिय कापसास पाणी कितीतरी पटींनी कमी लागते, असा एक मोठा आकडाही छापला जातो. खरे पाहता पाण्याचा हिशेब कापूस पावसावर घेतला की ओलिताखाली, यावर अवलंबून असतो. सेंद्रिय की रासायनिक यावर त्या मानाने फार थोडा.

बाळाच्या कातडीस जे खरोखर बोचते, ते शेतानंतर गिरणीत घातले जाते. सुरकुती पडू नये म्हणून कापडावर जी राळ चढवितात, तीतून फॉर्माल्डिहाइड सुटते. प्रयोगशाळेत मेलेले प्राणी बाटलीत टिकवून ठेवण्यासाठी जे फॉर्मलिन वापरतात, त्यातील द्रव्य ते हेच. नाजूक कातडीस त्याने पुरळ उठते. काही जातींच्या अ‍ॅझो रंगांतून कर्करोगकारक द्रव्ये सुटतात. तसल्या रंगांवर आपल्या देशात १९९७ सालापासून बंदी आहे, तथापि गल्लीबोळातील रंगाच्या हौदावर कोण पाहावयास बसले आहे? सेंद्रिय कापडाचे जागतिक मानक, ज्यास त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘गॉट्स’ म्हणतात, ते शेतापाशी थांबत नाही. गिरणीत कोणती द्रव्ये चालतील आणि कोणती नाहीत, यावरही त्याचे निर्बंध आहेत. बाळाच्या कातडीस सेंद्रिय चिठ्ठीचा जो काही लाभ होतो, तो मुख्यतः या निर्बंधांचा आहे.

म्हणून चिठ्ठी वाचावयास शिकले पाहिजे. नुसते ‘सेंद्रिय’, ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’ असे छापले असेल तर त्याचा अर्थ शून्य. गॉट्सच्या चिन्हाखाली तपासणी करणाऱ्या संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक असावा लागतो. नुसते ‘सेंद्रिय’ म्हणावयाचे तर शेकडा ९५ तंतू सेंद्रिय हवेत. ‘सेंद्रिय तंतू वापरून केलेले’ असे म्हणावयास शेकडा ७० पुरतात. ‘ओको-टेक्स’ म्हणून १९९२ पासूनची दुसरी एक चिठ्ठी आहे. ती कापूस सेंद्रिय आहे असे मुळीच सांगत नाही. तयार कापडात अपायकारक द्रव्ये ठराविक मर्यादेपलीकडे नाहीत, एवढेच ती सांगते, आणि तिची सर्वांत कडक पायरी तीन वर्षांखालील मुलांच्या कपड्यांसाठी आहे. ज्यास केवळ बाळाच्या कातडीची चिंता आहे, त्यास हीही पुरेशी आहे.

आणि चिठ्ठी असली म्हणजे सारे आलबेल, असेही नाही. २०२० सालच्या ऑक्टोबरात गॉट्सच्या चालकांनीच जाहीर केले की, भारतातील सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून खपविण्यात आला होता. भारत हा जगातील सेंद्रिय कापसाचा सर्वांत मोठा उत्पादक मानला जातो. त्या मानाची ही दुसरी बाजू. लबाडी झाली ती व्यापाऱ्यांच्या कागदांत. नाव खराब झाले ते मात्र निमाडात आणि ओडिशात खऱ्याखुऱ्या शेणखतावर कापूस पिकविणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याचे.

येथवरचे टिपण आम्ही श्रावणात लिहून ठेवले होते, आणि त्या माउलीस द्यावयाचे उत्तर आमच्या मनात तयार होते. “बाई, बाळासाठी साधे सुती पुरे, सेंद्रिय हवे तर घ्यावे, नाही तर नाही.” परंतु भाद्रपदात जे घडले त्याने ते उत्तर अर्धवट ठरविले. त्या कुटुंबाच्या संमतीने, नाव गाळून, ते आम्ही येथे लिहितो.

त्या मुलीचा बाप मोसमात सौंदत्तीकडच्या काळ्या रानात मजुरीस जातो. आमच्या खानापूरकडील कितीतरी तरुण भाताची लावणी संपली की असे पूर्वेकडे जातात. त्या शनिवारी दिवसभर त्याने पाठीवर पंप घेऊन कापसावर फवारा मारला होता. कापूस छातीपर्यंत वाढलेला, वारा अंगावर येणारा, पंपाची झाकणी गळकी, आणि अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा. सायंकाळच्या बसने तो घरी आला, पाठीवरचा सदरा अजून ओलाच होता. आठवडाभराने पाहिलेल्या लेकीला त्याने आल्याआल्या खांद्यावर घेतले. पोर त्याच खांद्यावर गाल टेकून झोपली.

रात्री दहाच्या सुमारास त्याला मळमळू लागले. तोंडास सारखी लाळ सुटली, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे धूसर झाले, दंडाचे स्नायू आपोआप फडफडू लागले. शेजाऱ्याच्या गाडीतून त्यास बेळगावास नेले तेव्हा आम्हीही बरोबर होतो. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत विजेरी धरली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शने सुरू करता करता त्यांनी बायकोस पहिला प्रश्न केला, “ह्यांचा सदरा कुठे आहे?” आणि दुसरा, “घरी आल्यावर ह्यांनी कोणाला उचलून घेतले होते का?”

मुलीला त्याच रात्री आणून, अंग साबणाने धुऊन, सकाळपर्यंत नजरेखाली ठेवले. देवाच्या दयेने तिला काही झाले नाही. बाप पाच दिवसांनी घरी आला. पण आमच्या मनातून एक गोष्ट जात नाही. परिचारिकेने तिचे कपडे उतरवून आईच्या हाती दिले, त्यांत भावाने पाठविलेले ते सेंद्रिय कापसाचे झबले होते. गॉट्सचे चिन्ह, परवाना क्रमांक, सारे व्यवस्थित. आणि त्याच्या छातीवर बापाच्या खांद्यावरील औषधाचा उग्र दर्प.

वाचकांपैकी पुष्कळांस यवतमाळची गोष्ट आठवत असेल. २०१७ सालच्या पावसाळ्यात त्या एका जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले आणि शेकडो इस्पितळात पडले. त्या वर्षी कापूस माणसाच्या उंचीएवढा वाढला होता, म्हणून फवारा डोक्यावरून मारावा लागे आणि तो अंगावर उतरे. बीटी बियाण्यास न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आणि तुडतुडे, पांढरी माशी यांनी जेरीस आलेला माणूस दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारीत होता. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके तेवढे. त्या औषधांच्या पुड्यांवर आणि बाटल्यांवर सूचना होत्या. अक्षरे मात्र मुंगीएवढी.

आता आम्ही त्या माउलीस देऊ ते उत्तर असे आहे. सेंद्रिय कापसाने तिच्या बाळाच्या कातडीस जे मिळते, ते चांगल्या, धुतलेल्या, साध्या सुती कापडानेही जवळजवळ तेवढेच मिळते. परंतु सेंद्रिय कापूस ज्या रानात पिकतो, त्या रानात कोणाच्या तरी बापाच्या पाठीवर तो गळका पंप नसतो. त्या चिठ्ठीची जादा किंमत त्याच्यासाठी मोजावयाची. दुकानदार हे सांगत नाही, कारण आईला भीती घातली की झबले खपते. फवारणाऱ्याचे नाव घेतल्याने खपत नाही. ज्यांचे भाऊ-बहिणी शहरांत पगारदार आहेत, त्यांनी नाताळाच्या भेटी म्हणून असले पंचे, चादरी, झबली जरूर मागवावीत, पण परवाना क्रमांक पाहून. ज्यांना कर्ज काढावे लागेल त्यांनी मुळीच मागवू नयेत. एका सेंद्रिय झबल्याच्या किमतीत मऊ मलमलीची तीन-चार साधी झबली शिवून होतात, आणि उन्हाळ्यात दिवसातून तीनदा कपडे बदलावे लागणाऱ्या बाळास एकाहून चार बरी.

घरातील इतर कापडाविषयी थोडके. आमच्या बेळगाव तालुक्यातील हुदली गावी १९३७ साली गांधीजी आले होते, आणि तेथे खादीचे काम अजून चालते. पुष्कळांचा असा समज आहे की, खादी म्हणजे सेंद्रियच. तसे नाही, खादी ही हातसुताची आणि हातमागाची, तिचा कापूस कोठल्याही रानातला असू शकतो. तरी पंचे, भाकरी गुंडाळावयाची फडकी, दूध गाळण्याचे कापड यांसाठी तिच्यासारखे दुसरे नाही, आणि विणकराच्या घरी चार पैसे जातात ते निराळेच. चुलीपुढे बसणाऱ्या बायकांनी नायलॉन-पॉलिएस्टरचे गाऊन घालू नयेत. सुतीही पेटतेच, नाही असे नाही. परंतु कृत्रिम धागा वितळून कातडीस चिकटतो आणि जखम खोल करतो. बाळाची गादी कापसाचीच असावी, पण टणक पिंजलेली. तोंडाभोवती मऊ उश्यांचे डोंगर रचू नयेत.

बाळाला गुंडाळताना हात-छाती सैलसर गुंडाळावी आणि पाय दुमडलेले, मोकळे राहू द्यावेत. पाय सरळ ताणून करकचून बांधले तर खुब्याचा सांधा सरकण्याचा धोका असतो, असे डॉक्टरीणबाईंनी आम्हांस दोनदा बजावून सांगितले. पायांना ‘वळण’ लावण्याच्या आपल्या जुन्या रीतीबद्दल त्यांचे मत आम्ही येथे छापीत नाही.

ट्रंकेविषयी आम्ही आरंभी जे म्हटले, त्याचे कारण हे. घरोघरी थोरल्या भावंडांची अंगडी-टोपडी, बाप्तिस्म्याचा झगा, लोकरीची कुंची ही डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली असतात. त्या गोळ्या बहुधा नॅफ्थॅलीनच्या असतात. ते द्रव्य कापडात मुरते, आणि नवजात बालकाच्या अंगास व श्वासास लागले तर काही बालकांचे रक्तकण फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ज्या घराण्यांत जी-सिक्स-पी-डी नावाच्या रक्तातील द्रव्याची उपजत उणीव आहे, तेथे हा धोका फार मोठा, आणि अशी घराणी आपल्यात नाहीत असे कोणी समजू नये. कापूस कितीही शुद्ध असो, डांबराच्या गोळीपुढे त्याची शुद्धता चालत नाही. ट्रंकेत गोळ्यांऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा. जुने कपडे बाळाच्या अंगी घालण्यापूर्वी साबणाने धुऊन, कडक उन्हात दोन दिवस वाळवून, वास पूर्ण गेल्याची खात्री करावी. नवा कपडाही, सेंद्रिय असो वा नसो, दोन-तीनदा धुतल्यावाचून घालू नये. फॉर्माल्डिहाइड पुष्कळसे धुण्यात जाते.

आणि ज्या घरातील माणूस फवारणीस जातो त्या घरासाठी आता आम्ही पुढीलप्रमाणे नेम सांगत आहोत, आणि देवळातही सांगितला आहे. त्याने उंबरठ्याबाहेरच सदरा व पायजमा उतरवावा, साबणाने अंग व केस धुवावेत, मग लेकरांना जवळ घ्यावे. ते कपडे त्याच दिवशी, निराळ्या बादलीत, उन्हाळ्या पाण्यात, भरपूर साबणाने धुवावेत; धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, आणि बाळाची लंगोट-दुपटी त्या बादलीत कधीही पडू नयेत. वाळत घालावयाचे ते उन्हात, वेगळ्या दोरीवर. ज्या कपड्यावर औषध अस्सल, पाणी न घातलेले सांडले असेल तो धूत बसू नये. फेकून द्यावा, पोतेरे करू नये. मळमळ, लाळ, बाहुली बारीक होणे, स्नायू फडफडणे यांपैकी काही दिसले की घरगुती उपाय न करता इस्पितळ गाठावे, आणि औषधाची रिकामी बाटली किंवा पुडा बरोबर न्यावा.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या घरी गेलो होतो. बाप पुन्हा सौंदत्तीस जातो. न जाऊन भागत नाही. मात्र त्याने गावातल्याच लोहाराकडून पंपाची झाकणी बसवून घेतली आहे, आणि गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीत एक खुंटी ठोकली आहे. मळकट सदरा तिच्यावर लोंबत होता. खाली निळी बादली, तिच्यावर आजीने चुन्याने फुली मारलेली. मुलगी आता भिंतीला धरून उभी राहते, ती बादलीकडे रांगत निघाली की आजी घरातून ओरडते, “अगं ए, तिकडं न्हाई!”